स्टेपनी

साधनानं गुडघे टेकून पुढच्या डाव्या चाकाच्या टायरला आलेल्या फुग्यावर अंगठा दाबला. फुगा आत गेला नाही. ज्येष्ठात अप्पांनी, तिच्या वडिलांनी, फोनवर "सुपारीएवढा आलाय" म्हणून सांगितलं होतं. आता तो कोंबडीच्या अंड्याएवढा झाला होता आणि अंगठ्याला आतल्या हवेचा ताठरपणा लागत होता.

"दाबू नका ताई," शोरूमचा मिस्त्री मच्छिंद्र म्हणाला. "फुटला तर बोटं जातील."

तिनं अंगठा लगेच काढला नाही. बदनापूरच्या संशोधन केंद्रात बियाणं तपासण्याचं तिचं काम होतं. भिजवलेली तूर चिमटीत धरून दाबली की दाणा आतून जिवंत आहे की नुसतंच टरफल, हे तिच्या अंगठ्याला कळायचं. मेला असेल तर मुळातच कच्चा होता की बाहेरून किडीनं खाल्ला, हेही बहुतेक वेळा कळायचं. टायरचं मात्र काही कळत नव्हतं.

गाडीच्या पलीकडे तिची भावजय तृप्ती किल्ली बोटात अडकवून उभी होती. किल्लीला पितळेचं छोटं घुंगरू होतं, अप्पांच्या सर्जा बैलाच्या गळ्यातल्या माळेतलं. सर्जा गेला, माळ गेली, आणि हे एक घुंगरू अप्पांनी कुठं जपून ठेवलं होतं कुणास ठाऊक. साधनानं ते कधी पाहिलं नव्हतं. तृप्ती हलली की ते वाजत होतं.

"साहेब कधी येणारेत?" साधनानं विचारलं.

"निघालेत संभाजीनगरहून. टायर कंपनीचे भागवत साहेब. तेच बघतेत आन् तेच ठरवतेत. टायरचं आमच्या हातात काही नसतं ताई."

"हे वाक्य मला पाठ झालंय."

मच्छिंद्र ओशाळं हसला आणि जॅक आणायला गेला.

पाठ झालं होतं हे खरंच होतं. शोरूमवाले म्हणायचे, गाडी आमची, टायर टायर कंपनीचे. टायर कंपनीच्या फोनवरची बाई म्हणायची, जिथून गाडी घेतली तिथं जा. अप्पांनी ज्येष्ठात आणि आषाढात एवढंच ऐकलं, आणि श्रावणात ते गेले. रात्री जेवून खाटेवर पडले, सकाळी उठले नाहीत. सोमेश्वर, तिचा भाऊ, दिवस झाल्यावर म्हणाला, "सोड न ताई, नवे टाकून घेऊ." तिनं सोडलं नाही. अप्पांनी सुरू केलेलं काम आहे, पुरं मी करणार, असं तिनं आईसमोर सांगितलं आणि तेव्हापासून इंग्रजीतून मेल लिहीत राहिली. आज पहिल्यांदा कंपनीचा माणूस प्रत्यक्ष यायचा होता.

गाडी पाडव्याला आली होती. रामरावांनी, म्हणजे अप्पांनी, आयुष्यभर बैलगाडी हाकली, नंतर ट्रॅक्टर चालवला, जालन्याला यायचं तर एसटीनं आले. कुंभार पिंपळगावच्या त्यांच्या दारात कोरी पांढरी मोटार उभी राहिली ती सुनेसाठी. तृप्ती शहागडच्या बाजूला शाळेत शिकवायची, दोन बस बदलून जायची, दिवेलागणीला परत यायची. "पोरीचे लई हाल होऊन राह्यले," असं अप्पा फोनवर म्हणाले, तेव्हा साधना जालन्याच्या स्टेशनवर बदनापूरला जाणाऱ्या पॅसेंजरची वाट पाहत उभी होती. नोकरी लागल्यापासून ती त्याच पॅसेंजरनं जात-येत होती. त्या दिवशी गाडी लेट होती.

"हो ना," ती म्हणाली होती.

दहावीच्या सुट्टीत तिनं अप्पांना ट्रॅक्टर शिकवा म्हटलं होतं. अप्पा हसले होते. "ट्रॅक्टर म्हंजे शिलाई मशीन वाटली का तुला? पाय पुरत न्हाईत तुझे." ते बरोबरच होतं. पाय पुरत नव्हते. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि पुढं पाय पुरायला लागल्यावरही कुणी तिला विचारलं नाही. तृप्ती तिच्यापेक्षा चार बोटं ठेंगणीच होती. तिच्यासाठी अप्पांनी घरच्या कापसाची उशी भरून घेतली, आईनं तिला निळी खोळ शिवली, आणि ती उशी पाठीमागं ठेवून तृप्ती मोटार शिकली. गावाबाहेरच्या रस्त्यावर रोज संध्याकाळी सासरा शेजारी आणि सून स्टिअरिंगवर. सगळं गाव बघायचं. आईनं हे फार कौतुकानं सांगितलं होतं, उशीच्या खोळीच्या रंगासकट.

आणखी एक गोष्ट होती. लग्न होऊन आली तेव्हा तृप्ती अप्पांना "मामा" म्हणायची, तिकडच्या सगळ्या सुना म्हणतात तशी. साधनाला ते बरोबर वाटायचं. मामा म्हणजे मामा. कधीतरी, गाडी शिकण्याच्या सुमाराला, तिनं अप्पा म्हणायला सुरुवात केली. कधी केली ते साधनाला कळलं नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा नदीकाठी तृप्ती हुंदका देऊन "अप्पा, या हो" म्हणाली. साधनाच्या डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथं थांबलं. तेव्हापासून तिला नीट रडता आलं नव्हतं.

आखितीला, अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी गेली होती. गाडी लिंबाच्या सावलीत उभी होती. अप्पा ओसरीवरून उतरून तिच्याबरोबर चार पावलं आले.

"बघून घे की गाडी."

"बघितली. छान आहे."

"आतून बघ. डिक्की बघ, लई मोठी हे."

"डिक्कीत काय बघायचं अप्पा?" असं म्हणून ती आत आईकडं गेली होती. म्हातारपणी माणसाला मिरवायची हौस येते, असं तिला वाटलं होतं. तिनं मिरवू दिलं नव्हतं.

काल अप्पांचं मासिक श्राद्ध होतं, म्हणून ती गावी गेली होती. आज सकाळी दोघी याच गाडीनं जालन्याला निघाल्या. तृप्तीनं पुढचं दार उघडून धरलं. साधना मागं बसली. "मला मागं बरं वाटतं," ती म्हणाली. भाड्याच्या गाडीत बसावं तशी ती कोपऱ्यात बसली आणि घनसावंगी येईपर्यंत बाहेरचा ऊस बघत राहिली. तृप्ती गाडी हळू चालवत होती. फुगे डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांना होते, म्हणून खड्डा आला की उजवीकडं घेत होती. चांगली चालवत होती. साधनाला तेही दिसत होतं.

अंबडजवळ तृप्ती आरशातून बघत म्हणाली, "ताई, एक सांगायचं राह्यलं. नवी नवी शिकत होते तेव्हा शहागडला पुलाच्या अलीकडं एकदा चाक दुभाजकावर चढलं होतं माझं. उजवं, पुढचं. थोडंच. अप्पा शेजारी होते."

"काय म्हणाले?"

"काहीच न्हाई. उतरून चाक बघितलं, हात फिरवला, आन् म्हणले, चल, काही झालं न्हाई. घरीबी कुणाला सांगितलं न्हाई त्यांनी."

"मग आता कशाला सांगतेस?"

"तुम्ही एवढं लिहून राह्यल्या त्यांना. तुम्हाला माहीत असावं म्हणून."

अप्पांनी घरी न सांगितलेली एक गोष्ट या दोघांमध्ये होती, एवढंच तिच्या लक्षात राहिलं. उजवं चाक, हेही राहिलं.

भागवत साहेब मोटारसायकलवरून आले. डोक्याला रुमाल, खांद्याला बॅग, थकलेला चेहरा. ते आल्या आल्या बॉनेटवर कागद ठेवून म्हणाले, "क्लेम कोणाचा?"

"माझा," दोघी एकदम म्हणाल्या.

भागवतांनी वर पाहिलं. मच्छिंद्रनं खाली पाहिलं.

"गाडी वडिलांच्या नावावर होती," साधना म्हणाली. "ते वारले. मेल मी केलेत."

"आन् चालवतं कोण?"

"मी," तृप्ती म्हणाली.

"बरं," भागवत म्हणाले आणि कामाला लागले.

गाडी उचलली गेली. डाव्या बाजूची दोन्ही चाकं निघाली, मशीनवर चढली, टायर लोखंडापासून सोडवून जमिनीवर आडवे टाकले गेले. भागवत उकिडवे बसले. विजेरी आत धरून त्यांनी एकेका टायरच्या आतून बोट फिरवलं, फुग्याच्या जागी थांबले, वाकून वास घ्यावा इतक्या जवळून बघितलं. साधना त्यांच्या मागं उभी होती. टायरच्या आतल्या थरातले दोरे तिथं तुटलेले दिसत होते, फाटक्या गोणपाटासारखे.

तिनं दुसऱ्याचं काम कधी इतक्या ताणानं बघितलं नव्हतं. क्लेम मंजूर व्हावा म्हणून ती एवढे महिने भांडली होती. आणि आता, विजेरीच्या त्या गोल उजेडाकडं बघताना, तो नामंजूर व्हावा असं तिला वाटत होतं. सदोष निघाला तर अप्पा कोऱ्या गाडीत फसले, इतकंच. बाहेरून मार लागलेला निघाला तर मार लावणारं कुणीतरी असणार. तिला हे वाटणं दिसत होतं आणि ते थांबत नव्हतं.

"दोरे तुटलेत," भागवत उठत म्हणाले. "आता हे कशानं तुटले, ते बघावं लागतं. कधी कधी बनवतानाच जोड कच्चा राहतो. कधी दगडावर, दुभाजकावर आदळली की तुटतात. दोन्ही कारणांनी फुगा सारखाच दिसतो. मार लागल्याची खूण मला आत स्पष्ट दिसत न्हाई, पण न्हाईच असंबी म्हणता येत न्हाई. म्हणून विचारतो. गाडी कधी कशावर चढली होती का?"

त्यांनी तृप्तीकडं बघून विचारलं होतं. तृप्तीनं श्वास घेतला. ती उत्तर शोधत होती, की सांगायचंच ठरवून शब्द जुळवत होती, ते कळायच्या आत साधना बोलली.

"चढली होती. दुभाजकावर. शहागडला."

आवाज तिला स्वतःलाच स्वच्छ वाटला, कार्यालयात तपासणीचा निकाल वाचून दाखवतात तसा.

घुंगरू वाजलं. तृप्ती तिच्याकडं बघत होती.

"ते उजवं चाक होतं," तृप्ती म्हणाली. भागवतांना नव्हे, साधनाला.

"उजवं-डावं सांगू नका मॅडम," भागवत म्हणाले. "सर्व्हिसिंगला चाकं फिरवतात. उजवं डावीकडं येतं, पुढचं मागं जातं. फिरवलीत का रे?"

"पहिल्याच सर्व्हिसिंगला फिरवलीत," मच्छिंद्र म्हणाला.

"मंग झालं." भागवतांनी खिशातून पिवळा खडू काढला आणि दोन्ही टायरांवर फुली मारली. "वाईट वाटून घेऊ नका. नवीन माणसाकडून होतं. पण मालाचा दोष म्हणून मला लिहिता येणार न्हाई."

तृप्ती गाडीच्या पुढच्या दाराशी गेली, आत वाकली आणि निळी उशी सरळ करत बसली. ती सरळच होती. साधनानं पदराला हात पुसले. जे हवं होतं ते झालं होतं. तिला वाटलं होतं, त्यानं काहीतरी हलकं होईल.

"दुसरा जुना टायर देतो एक तात्पुरता," मच्छिंद्र म्हणाला, "आन् एका बाजूला स्टेपनी लावतो. घरापोत जाताल आरामात." त्यानं डिक्की उघडली, आतलं काळं आच्छादन उचललं, आणि हात मागं घेतला.

"आरा रा. हे काय हे?"

"काय झालं?" भागवतांनी विचारलं.

"लिंबू ठेवलंय साहेब. कुंकू-बिंकू. उतारा दिसतोय. म्या न्हाई हात लावणार. कुणाचं काय नि कुणाचं काय."

साधना पुढं झाली. खळग्यात स्टेपनी आडवी ठेवलेली होती. तिच्या मधोमध, लोखंडाच्या खोलगट भागात, कुंकवानं लाल झालेली कागदाची पुडी आणि एक लिंबू होतं. लिंबू वाळून काळपट, टणक झालेलं. पुडीला सुतळी बांधलेली. सुतळीचा एक पदर सोडून मारलेली गाठ, एका टोकाला ओढली की सुटणारी. बियाण्याच्या पिशव्यांना अप्पा तशीच गाठ मारायचे. लहानपणी पिशव्या सोडायचं काम तिचं असायचं.

"उतारा न्हाई तो," मागून तृप्ती म्हणाली. ती कधी आली ते कळलं नव्हतं. "ताईंचं हे ते."

साधनानं मागं वळून पाहिलं.

"पाडव्याला गाडी आली तेव्हा पूजा मी केली. चारी चाकांना कुंकू लावलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. एक लिंबू उरलं. मी म्हणलं, मामा, स्टेपनीलाबी लावते, तेबी चाकच हे." ती थांबली. "तर मामा म्हणले, ते राहू दे. लेकीचा मान असतोय, ते साधनाचं हे. ती आली की तिच्या हातानं करील. आन् पुडी बांधून इथं ठेवली."

मामा, असं ती म्हणाली होती. दोनदा. साधनाला ते ऐकू आलं, बाकीचं सगळं ऐकू येण्याआधी.

"मंग हात लावायला हरकत न्हाई," मच्छिंद्र कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाला. पण त्यानं हात लावला नाही.

साधनानं खाली वाकून लिंबू उचललं. ते कागदासारखं हलकं होतं. पुडी उचलली. तोल जाऊ नये म्हणून तिनं डावा हात स्टेपनीच्या कडेवर टेकवला. टायरवर कोऱ्या रबराचे बारीक केस जसेच्या तसे उभे होते, वासराच्या अंगावर असतात तसे. रस्ता लागला की ते पहिल्याच दिवशी झडतात. यांना रस्ता लागलाच नव्हता. तिचा तळवा त्या केसांवरून सरकला आणि थांबला.

अंगठा आपोआप आला. तिनं दाबलं. आत गेलं नाही. सुपारीएवढं होतं, फार तर.

ती तशीच वाकून राहिली. डिक्कीचा पत्रा उन्हानं तापला होता. मागं भागवत बॅगेची चेन लावत होते. स्टेपनी तशीच बसवली असती, तरी इथून अंबडपर्यंत काही झालं नसतं. कुणाला काही दिसलंही नसतं. फुल्या मारून झाल्या होत्या.

"भागवत साहेब," ती म्हणाली. "इकडं या."

"काय?"

"हे बघा. इथं."

भागवतांनी बोट लावलं, मग विजेरी काढली. मच्छिंद्रनं आता मुकाट्यानं स्टेपनी बाहेर काढून उभी केली आणि फिरवली. कडेला, खालच्या अंगाला, छोटा गोल उंचवटा होता. भागवतांनी टायरवरचे आकडे वाचले, जमिनीवरच्या दोन्ही टायरांवरचे वाचले, पुन्हा स्टेपनीवरचे वाचले.

"एकाच आठवड्यातला माल हे सगळा," ते म्हणाले. "आन् हा तर खाली उतरलाच न्हाई कधी."

"नाही उतरला," साधना म्हणाली. "पूजा राहिली होती म्हणून."

भागवतांना ते नीट कळलं नसावं. त्यांनी मान हलवली. "ज्याला रस्ताच लागला न्हाई त्याला फुगा आलाय, म्हंजे आतलाच दोष हे. दुभाजकाचा काय संबंध?" त्यांनी खाली बसून दोन्ही फुल्या रुमालानं पुसल्या. खडू पूर्ण गेला नाही, पिवळट डाग राहिले. "पाचही बदलून मिळतील. पण आठ-दहा दिवस लागतेत, आन् तवर गाडी इथंच ठेवा. अशा टायरांवर मी तुम्हाला जाऊ देणार न्हाई." मग तृप्तीकडं वळून म्हणाले, "मॅडम, तुमच्या हातून काही झालेलं न्हाई."

"मला माहीत होतं," तृप्ती म्हणाली.

मच्छिंद्रनं गाडीतलं सामान काढून घ्यायला सांगितलं. तृप्तीनं निळी उशी घेतली. पुढच्या कप्प्यातून अप्पांचा चष्म्याचा डबा घेतला, क्षणभर हातात धरून तो साधनापुढं केला. साधनानं तो घेतला. किल्ली देण्याआधी तृप्तीनं कडीतून घुंगरू सोडवलं आणि मुठीत ठेवलं. साधनानं ते पाहिलं. या वेळी तिनं नजर वळवली नाही.

बसस्थानकापर्यंत दोघी रिक्षानं आल्या. मध्ये उशी होती. अंबडची बस फलाटाला लागलेली होती, पण चालक खाली उभा राहून चहा पीत होता. दोघी बसच्या सावलीत उभ्या राहिल्या.

"आखितीला तुम्ही आल्त्या," तृप्ती म्हणाली. "मी सैपाकघरात होते. खिडकीतून ऐकू येत होतं. मामा म्हणले, डिक्की बघ."

साधना तिच्याकडं वळली.

"तुम्ही न्हाई म्हणल्या. मला बरं वाटलं." तिनं उशी या हातातून त्या हातात घेतली. "ते पुन्हा बोलले न्हाईत. मी सांगू शकले असते तुम्हाला. तेव्हाबी, आन् नंतरबी. चारी चाकं मी पुजली ताई, आन् रोज गाडीत बसलं की मला ते मागचं पाचवंच आठवायचं. दोनदा काढून फेकायला निघाले होते."

"मग?"

"त्यांनी गाठ मारलेली होती."

फलाटावर कुणीतरी शेंगदाण्याच्या पुड्या विकत होतं. साधनानं पर्स उघडली, चष्म्याचा डबा आणि कुंकवाची पुडी आत ठेवली. लिंबू तिच्या डाव्या मुठीत होतं, रिक्षातही होतं.

"सकाळी तू उजवं म्हणाली होतीस," ती म्हणाली.

"हं."

"मी ऐकलं होतं."

तृप्तीनं मान हलवली. तेही तिला माहीत असावं. चालकानं कप टाकला आणि तो चढला. तृप्ती चढली, खिडकीशी बसली, काच ओढून खाली वाकली.

"चाकं बसली की कळवते. तुम्ही या. पाचही पुजायची राह्यलीत आता."

"चार तुझी आहेत."

तृप्तीनं उशी मांडीवर घेतली. "आन् लिंबू? तेच घेणार का नवं आणायचं? मामा तर म्हणले असते—"

"अप्पा," साधना म्हणाली.

इंजिन सुरू झालं होतं. ऐकू गेलं की नाही, ते तिला कळलं नाही.

"अप्पा म्हणले असते," तृप्ती म्हणाली, "नवं आण, आपल्या झाडाला काय कमी हेत."

बस मागं आली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली. साधना तिथंच उभी होती. सवयीनं तिनं लिंबू चिमटीत धरून दाबलं. काही कळलं नाही. मग कानाशी नेऊन हलवलं. आत बिया वाजल्या. तिनं पुन्हा हलवलं.